चिंचेखालचा माग

वळसंगच्या आसपास चिंच उतरवायची म्हटलं की बोलावणं महिपतीलाच यायचं. उंच झाडाखाली बाकीचे गडी माना वर करून तंबाखू मळत बसायचे. हा मात्र धोतर खोचून, आकडी पाठीला अडकवून बोलता बोलता शेंड्याला. वरून चिंचा झोडता झोडता कुणाच्या मळ्यात कोण शिरलं, कुणाची म्हैस कुठं चरतेय, ते खाली वेचणाऱ्या बायकांना ओरडून सांगायचा. गावाला त्याच्या चिंचांपेक्षा त्याच्या बातम्यांची गोडी जास्त होती.

मागच्या साली अशीच एक बातमी सांगताना फांदी मोडली आणि बातमीसकट तो खाली आला. कडब्याच्या गंजीवर पडला म्हणून हात मोडण्यावर निभावलं. हात जुळून आला, पण त्याची बायको कस्तुराबाई त्याला पुन्हा झाडाकडं फिरकू देईना. तिचा भाऊ येडू सोलापूरला गिरणीत होता. त्यानं मेव्हण्यासाठी फाटकावर रखवालदाराची जागा बघून ठेवली. होळीच्या आत होय-नाही कळवायचं होतं.

"खुर्चीवर बसायचं काम हाय," कस्तुराबाई म्हणाली. "पडलासा तरी जमीन जवळ."

खुर्चीच्या नुसत्या नावानं महिपतीला घाम फुटला. त्यानं तोड काढली. मळ्यांवर इंजिनं आल्यापासून मोटेचा जाड नाडा घरात पडूनच होता. त्याचं एक टोक कमरेला बांधायचं, दोर वरच्या दणकट फांदीवरून घ्यायचा आणि दुसरं टोक खाली पक्कं करायचं. पाय घसरलाच तर माणूस लोंबकळेल, पडणार नाही.

"खाली कशाला पक्कं करायचं?" तिनं विचारलं, आणि घोडं तिथंच अडलं.

वाळूचं पोतं भरलं. ते म्हणजे महिपती आहे हे कळावं म्हणून कस्तुराबाईनं त्याला नवऱ्याचा जुना पटका बांधला. पहिल्यांदा दोर शेजारच्या लिंबाला बांधला. पोतं वर जाऊन मस्त लोंबकळलं, महिपती छाती काढून उभा राहिला.

"आता ह्यास्नी उतरवा," ती म्हणाली.

ओझ्यानं गाठ अशी आवळली होती की दातांनीही सुटेना. शेवटी विळ्यानं दोर तोडला. पोतं धपकन पडून फुटलं. कस्तुराबाईनं वाळूतून पटका उचलून झटकला.

"वर मधाच्या माश्या उठल्या, तुमची शुद्ध हरपली, तर मी एकलीनं काय करायचं? खालनं बघत बसू?"

महिपती उठून वाळू आणायला गेला. दुसरं पोतं भरलं. जमिनीत पहार ठोकली, तर काळ्या रानानं ती अलगद सोडून दिली. बैलगाडीला दोर बांधला. चाकांना दगड लावूनही गाडी पोत्याच्या ओढीनं झाडाकडं निघाली आणि सगळा मळा हसला. शेवटी कस्तुराबाईनं बुंध्याला वेढे देऊन दोर स्वतः धरला. आधी तो खरबरीत सालीत अडकून बसला आणि मग एकदम सुटला. तिच्या तळहाताची सालटी निघाली.

महिपतीनं तिच्या हाताला हळद लावली. त्याला फार वाईट वाटलं. "जातो येडूकडं," तो म्हणाला.

सोलापुरात येडूची खोली शुक्रवार पेठेत होती. येडू पाळीवर गेलेला. शेजारच्या सुंदरम्मानं महिपतीला आपल्या ओसरीवर बसवलं आणि ती हातमागावर बसली. सूत ताणून बसलेलं. थोडं कापड विणून झालं की ती बाजूचा खटका उचलायची. 'टक्' करून दातेरी चाक एक दात फिरायचं, तेवढंच सूत सुटायचं आणि पुन्हा घट्ट. महिपतीचा चहा निवला.

"हे आपसूक सुटत न्हाय का कधी?"

"सुटलं तर लुगडं कसं होनार, अण्णा?" सुंदरम्मा हसली.

तिच्या पोरानं यंत्रमाग घेतल्यामुळं दुसरा हातमाग मोडून अंगणात टाकला होता. त्याचं गोल लाकूड, चाक आणि खटका तिनं आनंदानं देऊन टाकला, अडगळ गेली म्हणून. येडू मेव्हण्याला साहेबासमोर उभं करायला धावत आला, तर दाजी लाकूड खांद्यावर घेऊन एसटी स्टँडावर कंडक्टरशी हुज्जत घालत होते.

सुतारानं ते लाकूड चाक-खटक्यासकट चौकटीत बसवलं, फिरवायला त्याला दांडा लावला आणि चौकट साखळदंडानं चिंचेच्या बुंध्याशी आवळली. नाडा लाकडावर गुंडाळला. पोतं वर गेलं आणि जागच्या जागी थांबलं. कस्तुराबाईनं एका हातानं दांडा दाबून दुसऱ्यानं खटका उचलला. टक्. टक्. पोतं पटक्यासकट पाहुण्यासारखं अलगद खाली टेकलं.

"झालं का समाधान?"

"पोतं बोलत न्हाय," ती म्हणाली. "मी जाते वर. तुमी धरा."

महिपती हसला. मग तिनं काष्टा घट्ट केला, दोर कमरेला बांधला, तसं त्याचं हसू मावळलं. ती एकेक फांदी चढू लागली, तो दांडा फिरवून सैल दोर गुंडाळू लागला. सगळं बेतशीर चाललं होतं. पण तिचा पाय एका बारीक फांदीवर पडला, फांदी वाकली आणि महिपतीनं दांडा दोन्ही हातांनी आवळला. आजवर तो झाडाखाली कधी थांबलाच नव्हता. खालून बघताना झाड केवढं उंच असतं हे त्याला आत्ता समजत होतं. इतकी वर्षं ही इथं, ह्याच जागी, अशीच उभी असायची आणि आपण वरून म्हशींच्या बातम्या देत होतो.

"कस्तुरा, बास. उतर."

वरून आवाज आला, "अवो, होटगीच्या गाडीचा धूर दिसतोय की! एवढं दिसतं व्हय हितनं? आजवर सांगितलं न्हाईसा."

"उतर खाली. तुझ्या पाया पडतो. गिरणीत जातो मी, खुर्चीवर बसतो."

"बसा की," ती वरून म्हणाली. "हितलं काम मी बघते."

बराच वेळ ती उतरायचं नाव घेईना. उतरली तेव्हा एकेक दात मोजल्यासारखी, झुलत, हसत. ती जमिनीला टेकेपर्यंत महिपतीनं दांडा सोडला नाही. तिनं कमरेचा दोर सोडून त्याच्या हातात दिला.

येडूला नकाराचा निरोप तिनंच धाडला. होळीच्या आधी त्या झाडाच्या चिंचा उतरवल्या, मग दुसऱ्या झाडाच्या. महिपती वरून बातम्या अजूनही द्यायचा, पण फांदी बदलण्याआधी थांबून खाली हाक मारायचा, "कस्तुरा, हायेस न्हवं?"

खालून एक टक् यायचं, आणि मगच तो पाय उचलायचा.