न मिळालेला हळिवाचा लाडू

नणंदेच्या बाळंतीण सुनेसाठी सासूबाई आज हळिवाचे लाडू वळतायत. गूळ-खोबऱ्याचा वास नाकात गेला आणि माझं डोकं फिरलं.

दत्तक घेतलेली मीरा सुकापूरच्या घरी आली, तेव्हाही असाच वास सुटला होता. लाडू जावेसाठी होते. ती नुकतीच बाळंत झाली होती. मी एक मागितला, तर सासूबाईंनी डब्याला झाकणच लावलं. "तू काय बालंतीन हाय? भाकड गाईला कंदी पान्हा फुटलाय?"

मी छातीला बारीक नळी चिकटवून त्यातून मीराला पावडरीचं दूध पाजायचे. ती ओढत राहिली की मलाही दूध येईल, असं पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. एका दुपारी नळी निसटून मांडीवर पडली, तरी मीरा घटाघटा गिळतच होती.

"पावडरीचंच असंल," सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांचा हात ओढला आणि तळव्यावर दूध पिळलं. "घ्या, चाटून बघा."

त्यांनी हात पदराला पुसला.

आणि आता त्या नणंदेच्या सुनेला सांगतायत, "खा गो, आमच्या मीराच्या आईला माज्या लाडवांनीच पान्हा फुटला."

त्या लाडवाची चव मला आजही माहीत नाही.