एक लुगडं, सहा घरं

त्या दिवशी गल्लीत मी हुती, माझी सासू हुती, शेजारच्या पाच घरातल्या पाचजणी, नगरपालिकेचा कारकून आन् फोटूवाला. घरातली गडीमाणसं समदी कामावर. सांगलीतली आमची पत्र्याची गल्ली पाडून तितं पक्क्या खोल्या बांधायच्या हुत्या. ज्या घरची बाई दारात उभी ऱ्हाऊन फोटू काढंल, त्या घराला खोली.

फोटूला चांगलं लुगडं पायजे. गल्लीत धड लुगडं एकच, माझं लग्नातलं इरकली. बाकी समदी ठिगळाची. एकीचा फोटू झाला की ती आत जाऊन लुगडं सोडायची, मग दुसरी नेसायची. डोईवरनं पदर पार नाकापातुर. कारकून तवा गल्लीच्या तोंडाला बसून कागद भरत हुता.

आठ दिसांनी कारकून फोटू घिऊन आला, लय तापलेला.

"सहाही दारांत एकच बाई उभी आहे! सहा खोल्या लाटता काय? एकच मिळेल."

सासू मातुर हसली. "आवं सायब, लुगडं एक हाय, बायका सहा हायत. मोजा की!"

आमी सहाजणी वळीनं उभ्या ऱ्हायलो आन् पदर मागं सारला. कारकून बी हसाय लागला. सहाच्या सहा खोल्या मिळाल्या.

फोटू वाटताना घोळ झाला. माझ्याकडच्या फोटूत दारात शेळी हाय. आमच्यात शेळी कवाच न्हवती. तुमच्या घरच्या जुन्या फोटूत तसल्या लुगड्यातली बाई आसंल आन् दारात फुटक्या घागरीत मिरची लावलेली आसंल, तर ती मी. तेवढा आनून द्या, तुमचा घिऊन जावा.