माझ्या सायकलची सीट कोण खाली करतंय?

दोस्तांनो, आज सकाळी आम्ही राहतो त्या आवडी उपनगरातून रविवारची चक्कर मारायला निघालो, तर सायकलची सीट परत खाली केलेली. हा तिसरा रविवार. मी उंच, सीट कायम वर ठेवतो. कुलूप शाबूत, चावी खोलीतल्या खिळ्याला. म्हणजे चोर घरातलाच!

खोलीत मी आणि माझा गाववाला संत्या, दोघंच. विचारलं, "माझी सायकल कोण नेतंय रे?"

"मला कुठं सायकल येते? वॉचमन अण्णाला धर की."

बोलताना त्यानं हात मागं घेतला. बघितलं तर कोपर सोललेलं, पँटीला चेनचं काळं ग्रीस.

सव्वीस वर्षांचा बाप्या चोरून सायकल शिकतोय! चाक वाकडं केलं तर माझे रविवार गेले. पण ओरडलो तर तो परत सायकलला हात लावणार नाही.

तुम्हीच सांगा, चावी लपवू, का त्याला शिकवायला सायकल मागनं धरून पळू?