माझं कॉइन आणि बाबांचे मित्र

शंकर नगरात ऑफिस घेतलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. दोन खोल्या, काचेचं दार, सात जणांचा स्टाफ. आम्ही स्वतःचं क्रिप्टो कॉइन काढलं होतं आणि त्याचा भाव रोज चढत होता. पेपरात माझा फोटो आला. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. सकाळी तळ्याभोवती फिरताना ते आपल्या तीन जुन्या मित्रांना माझ्याबद्दल सांगायचे. त्या तिघांनीही माझं कॉइन घेतलं.

मी कुणाला आग्रह केला नाही, असं नंतर पुष्कळ दिवस मी स्वतःला बजावत होतो. पण त्यांच्यातल्या एकानं घरी येऊन विचारलं होतं, "डुबनार तर नाही ना, बेटा?"

"काकाजी, निश्चिंत राहा," मी म्हणालो होतो. मोबाइलमधून मान वर न करता.

ज्या दोन-चार बड्या गुंतवणूकदारांकडे सगळ्यात जास्त कॉइन होतं, त्यांनी एका दुपारी ते विकून टाकलं. आठवड्याभरात भाव मातीमोल झाला. स्टाफ एकेक करून गेला. मी फोन उचलणं बंद केलं आणि दोन महिने खोलीतच राहिलो. आई ताट दाराशी ठेवून जायची.

एकदा बाबा फिरून लवकर परत आले. आईनं विचारलं तर म्हणाले, "ते लोकं आता दुसरीकडे फिरून राहिले."

त्याच दिवशी मी तिघांकडे जायला निघालो. एकानं दार उघडलं नाही. दुसऱ्याच्या मुलानं "पापा घर पे नहीं हैं" म्हणून सांगितलं. आत त्यांचं खोकणं ऐकू येत होतं. तिसरे ते काकाजी, बीरगांवला मुलाकडे राहायचे. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"पैशाचं तर वाईट वाटतेच," ते म्हणाले. "पन मी तुले रोज फोन लावत होतो. पोट्ट्यानं जिवाचं काही करून तर नाही घेतलं, म्हनून. तू काहून नाही उचलला?"

मी पाणी संपवून उठलो. निघताना त्यांनी 'पुन्हा ये' म्हटलं नाही.

आता मी टाइल्सच्या एका दुकानात बिलिंग करतो. बाबा अजून एकटेच फिरतात. परवा म्हटलं, मीही येतो. बुटाची नाडी बांधता बांधता ते म्हणाले, "नको. तू संग असला का लोकं पाहतात."

आणि गेले.