कोंबडीच्या रक्तातला ठिपका

उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या पिशवीतली कोंबडी बघून त्यांनी आधी तिच्या पायांची सुतळी सैल केली. "इतकं आवळून? कुठं पळून चालली होती व्हय ही?"

आमच्या कोंबड्यांचे तुरे पांढरे पडले होते, चार मेल्या होत्या. गल्ली म्हणत होती, मानमोडीची साथ आहे, औषध नाही, सगळ्या पुरून टाका. बायको म्हणाली, एकदा दाखवून तर या.

बाईंनी पदरानं कोंबडीचे डोळे झाकले, पंखाखालच्या शिरेत सुई टोचली आणि रक्ताचा थेंब काचेवर घेऊन भाकरीला तूप लावावं तसा पसरवला. टोचलेल्या जागी कापूस मात्र बराच वेळ दाबून धरला. मग काचेवर रंग चढवून सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि मला बोलावलं, "बघा काका."

मी बघितलं आणि हबकलोच. रक्ताच्या प्रत्येक दाण्यात गडद ठिपका! "सगळ्यातच रोग शिरलाय की हो!"

बाई पहिल्यांदा हसल्या. "न्हाई हो. ठिपका तिचा सोताचाच हाय. कोंबडीचं रक्त असंच असतंय. दाण्यांच्या मधी नागमोडी दोरा दिसायलाय ना, त्यो रोग. गोचिडाचा ताप हाय. इंजेक्शननं बऱ्या होतील. खुराड्याच्या फटीतले गोचीड तेवढे मारा."

माझा जीव भांड्यात पडला. निघताना त्यांनी सुतळी पुन्हा सैलच बांधली. सकाळीच परसात उरलेल्या कोंबड्यांसाठी खड्डा खणून आलो होतो, ते काही मला त्यांना सांगवलं नाही.