एका ओळीचा फळा

"कामाचं काय हाय, त्येवढं सांगा."

मोबाईल हातभर लांब धरून मामा हे विचारायचे. जणू तो लाथ मारील.

देवणीजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मामा परिचर होते, मी लिपिक. उधळलेला वळू ते नुसतं 'हो हो' करून शांत करायचे. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपुढे मात्र त्यांचं काही चालत नसे. तुमच्याही ऑफिसात असेल असा एक ग्रुप. सकाळी फुलं आणि सुविचार, दुपारी जिल्ह्याच्या साहेबांच्या भेटीचे नऊ फोटो, त्याखाली प्रत्येकाचा अंगठा. मामा कामापुरतं वाचायचे आणि ग्रुप सोडायचे. अॅडमिन मी; मी त्यांना परत घ्यायचे. माझ्या वहीत नोंद आहे: एका पावसाळ्यात अकरा वेळा.

त्याच पावसाळ्यात लम्पीच्या लसीचा दिवस बदलला. सोमवारचा शनिवार झाला. गावोगावचे डेअरीवाले ग्रुपात होते, त्यांनी पुढे सांगायचं अशी पद्धत. मी मेसेज टाकला, यादीत बरोबरची खूण केली. नेमका तो साहेबांचा वाढदिवस. माझा मेसेज केकखाली गेला.

शनिवारी आम्ही तांड्यावर पोचलो तेव्हा सगळी गुरं रानात चरायला गेली होती. पुढची फेरी यायला महिना लागला. तोवर तिथल्या एका बाईची दुभती देवणी गाय लम्पीनं गेली.

"मी टाकलं होतं," मी म्हणाले.

"टाकलं हाव. पर पोचलं का?"



दुसऱ्या दिवशी मामांनी कुठूनसा शाळेचा जुना फळा आणून फाटकाशी टांगला. त्यावर रोज एकच ओळ. जनावर घेऊन येणाऱ्यानं ती म्हणून दाखवल्याशिवाय जनावर तपासणीच्या खोड्यात घ्यायचं नाही, हा मामांचा कायदा. ज्याला वाचता येत नसे त्याला ते स्वतः वाचून दाखवत आणि त्याच्याकडून म्हणवून घेत. लोक चेष्टा करायचे, मामा, आज परीक्षा हाय का म्हणून. मामा म्हणायचे, हाव, नापास झालास तर म्हस माघारी ने. पण ती ओळ संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर, डेअरीवर, तांड्यावर ऐकू यायची.

साहेबांची भेट ठरली. फळ्यावर स्वागत लिहा, असा निरोप आला. मामांनी लिहिलं नाही. साहेबांनी येताच विचारलं.

"जागा न्हाई साहेब."

"एवढा मोकळा आहे की."

"मोकळा हाय म्हनून तर लोक वाचायलेत."

आठवड्यात नोटीस आली: ग्रुप वारंवार का सोडता, खुलासा द्या. निवृत्तीला पाच महिने होते. पेन्शनचे कागद अडतील याची धास्ती मला होती, त्यांना नव्हती. त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं: 'ग्रुपातल्या गर्दीत कामाचं हरवतं. मी कामासाठी नोकरीला आहे.'

"शेवटी दिलगिरी घालू का, मामा?"

"गाय गेली तवा कुनी घातली?"

मी तसाच कागद पाठवला. कागद बरेच फिरले, पण पेन्शन अडली नाही.

निवृत्तीच्या सकाळी मामांनी पुन्हा ग्रुप सोडला. या वेळी मी त्यांना परत घेतलं नाही. दिवसभर तिथे हार, जोडलेले हात, 'आदरणीय मामा' येत राहिलं. मामा तोवर पिशवी उचलून मुलीकडे मुरुडला निघाले होते. साहेबांचा फोन आला, फळ्यावर शुभेच्छा लिहून फोटो टाका. मी खडू घेऊन बाहेर गेले. फळ्यावर मामांच्या अक्षरात ओळ होती: 'गुरुवारी तांड्यावर लस. गुरं चरायला सोडू नका.'

मी खडू जागेवर ठेवला.

गुरुवारी तांड्यावर पोचलो तर दारोदार गुरं बांधलेली. गाय गेलेली ती बाई नव्या कालवडीची दोरी धरून पुढेच उभी होती. मी काही विचारायच्या आत तिनं ती ओळ म्हणून दाखवली, शाळेतल्यासारखी, एका दमात.

त्या रांगेचा फोटो काढून मामांना पाठवावा असं फार वाटलं. मोबाईल पर्समध्येच राहू दिला आणि लसीचा डबा उघडला.