दादाचा गेटपास

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.कॉम. त्याचा मला माज आहे आणि तो मी लपवत नाही. मुंबईतल्या एका तेल रिफायनरीच्या ऑफिसात मी कायम नोकरीला. माझा थोरला भाऊ, दादा, तिथेच ठेकेदाराकडे पाइप फिटर. मी इंद्रलोक नावाच्या वसाहतीत स्वतःच्या फ्लॅटात, तो मीरा रोडला भाड्याच्या खोलीत. आणि आई — अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली — त्याच्याकडे.

रिफायनरी बंद होणार अशी बोलवा उठली, तेव्हाच दादाला गुजरातमधल्या दुसऱ्या रिफायनरीत काम चालून आलं. कायमचं. तो आणि वहिनी, दोघं जाणार. पण आईला एवढ्या लांब हलवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग ती कुठे येणार? माझ्याकडे. दुसरं कोण आहे तिला?

रविवारी दोघं माझ्या घरी आली.

"सुमे, तू आत बसतेस. खरं सांग, बंद होतेय का? गुजरातवाल्यांना उद्या कळवायचंय."

"वन्सं, तुम्हीच सांगा बाई," वहिनी हसत म्हणाली. "ह्यांना घरातला सिलिंडरसुद्धा संपल्यावर कळतो!"

मला माहीत होतं. साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये सांगितलं होतं — युनिट बंद करायला घेणार, आणि ठेकेदाराची माणसं सगळ्यांत आधी काढणार.

मी म्हटलं, "वेडा आहेस का दादा? देशाला तेल लागतं. उद्या आखातात युद्ध पेटलं, जहाजं अडली, तर गाड्या काय पाण्यावर चालवणार? ऊर्जासुरक्षा म्हणतात ह्याला. सरकार बंद होऊच देणार नाही."

ऊर्जासुरक्षा — तो शब्द त्याने हळूच म्हणून बघितला. मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्याने गुजरातला नाही म्हणून कळवलं.

ऑफिसातलं बाहेर फुटेल म्हणून मी घाबरले होते का? नाही हो. आईला उचलणं, पुसणं, तिचा तो वास — मला नको होतं. एवढंच.

पुढे त्याचा गेटपास बंद झाला, म्हणजे कामच गेलं. दोघं परत माझ्याकडे आली. वहिनी दारातच रडायला लागली.

"सुमे, तू तर म्हणाली होतीस —"

तेव्हा तरी गप्प बसायचं ना मी? नाहीतर, ऑफिसात आधीच कळलं होतं, हे सांगायचं ना? मी म्हटलं, "मी देशाचं बोलले होते, दादा. तुझ्या गेटपासचं नाही. दहावी तरी पास झाला असतास, तर फरक कळला असता."

तो वहिनीकडे वळला. "रडतेस काय? बरोबर आहे तिचं. आपल्यालाच कळलं नाही."

मी त्याला तसंच वाटू दिलं. आजही त्याला तसंच वाटतं. आता तो मिळतील तशी नळदुरुस्तीची कामं करतो.

आई त्याच्याकडेच आहे.